वैद्यकीय प्रवेशापूर्वीचा रुग्णसेवेचा अनुभव : अमेरिकेतील प्रथेचा ऐतिहासिक मागोवा

गोषवारा

वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने अर्ज करण्यापूर्वी रुग्णसेवेचा पुरेसा अनुभव घेतलेला असावा, अशी अपेक्षा आज अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालये बाळगतात. ही अपेक्षा आधुनिक वाटत असली तरी तिचे मूळ अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील उमेदवारीच्या पद्धतीत सापडते. प्रस्तुत लेखात उमेदवारीचा काळ, १८५० मधील हार्वर्डचे प्रवेश प्रकरण, स्त्रियांनी स्थापन केलेली रुग्णालये, १९१० चा फ्लेक्सनर अहवाल आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्वानुभवाच्या अपेक्षेचे झालेले पुनरागमन यांचा क्रमाने विचार केला आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय शिक्षणाने स्वीकारलेल्या वेगळ्या मार्गाशी त्याची थोडक्यात तुलनाही केली आहे. अनुभव किती असावा या प्रश्नापेक्षा रुग्णापर्यंत पोहोचण्याची वाट कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न या इतिहासात अधिक निर्णायक ठरला, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : वैद्यकीय शिक्षण, उमेदवारी, प्रवेशप्रक्रिया, रुग्णसेवेचा पूर्वानुभव, फ्लेक्सनर अहवाल, आनंदीबाई जोशी, ग्रँट मेडिकल कॉलेज.

१. प्रस्तावना

वैद्यकशास्त्र हे ग्रंथांतून शिकावे की रुग्णाच्या खाटेजवळ, हा वाद जुना आहे. दोन्ही आवश्यक आहेत, याविषयी आज दुमत नाही. मात्र रुग्णाजवळचे शिक्षण केव्हा सुरू व्हावे याविषयी निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. भारतात बारावीनंतर परीक्षेतील गुणांच्या आधारे प्रवेश मिळतो आणि रुग्णाशी संबंध त्यानंतर येतो. अमेरिकेत सामान्यतः चार वर्षांची पदवी घेतल्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला जातो आणि त्या अर्जात रुग्णालयातील स्वयंसेवा, डॉक्टरांच्या कामाचे निरीक्षण किंवा रुग्णसेवेतील नोकरी यांचा तपशील द्यावा लागतो. 'पुरेसा अनुभव' म्हणजे नेमका किती, हा तेथील विद्यार्थी व पालक यांच्या चिंतेचा विषय असतो. अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही या चिंतेतून सुटलेली नाहीत.

या चिंतेकडे केवळ प्रवेशाची स्पर्धा म्हणून पाहिल्यास तिचा अर्थ पुरता उलगडत नाही. पूर्वानुभवाची अट अमेरिकेत एकदा अस्तित्वात होती, ती लोप पावली आणि पुढे ती वेगळ्या रूपाने परत आली. या तिन्ही अवस्थांचा अभ्यास केल्यास आजच्या अपेक्षेचे गुणदोष अधिक स्पष्ट होतात.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) अमेरिकेतील पूर्वानुभवाच्या अटीचा उगम व विकास पाहणे, (२) या अटीमुळे कोणाला संधी मिळाली व कोण वंचित राहिले, याचा शोध घेणे, (३) महाराष्ट्रातील परंपरेशी तिची तुलना करून अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाचे मुद्दे मांडणे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. उमेदवारीचा काळ

अमेरिकेतील पहिले वैद्यकीय महाविद्यालय १७६५ मध्ये फिलाडेल्फिया येथे सुरू झाले. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बराच काळ डॉक्टर होण्याचा रूढ मार्ग उमेदवारीचाच होता. होतकरू तरुण एखाद्या प्रस्थापित डॉक्टरकडे काही वर्षे राहत असे. औषधे कुटणे व मिसळणे, हिशेब ठेवणे, घोड्याची निगा राखणे, रुग्णाच्या घरी जाताना सोबत असणे आणि हळूहळू जखमा बांधणे, रक्त काढणे अशी कामे शिकणे, असे या उमेदवारीचे स्वरूप होते. उरलेल्या वेळात त्या डॉक्टरच्या संग्रहातील पुस्तके वाचावयाची. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे डॉ. बेंजामिन रश यांनी १७६१ ते १७६६ या काळात फिलाडेल्फियाचे डॉ. जॉन रेडमन यांच्याकडे अशी उमेदवारी केली आणि नंतर ते एडिंबरोला शिकावयास गेले.

एकोणिसाव्या शतकात वैद्यकीय महाविद्यालयांची संख्या वाढली, तरी उमेदवारीचे महत्त्व कागदोपत्री कायम राहिले. पदवीसाठी सर्वसाधारणपणे तीन अटी असत : वयाची एकवीस वर्षे पूर्ण असणे, एखाद्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडे तीन वर्षे अध्ययन केल्याचे प्रमाणपत्र आणि महाविद्यालयातील व्याख्यानांची दोन सत्रे. ही सत्रे काही महिन्यांचीच असत आणि दुसऱ्या सत्रात बहुधा पहिल्याच व्याख्यानांची पुनरावृत्ती होई. महाविद्यालयाने सिद्धान्त सांगावा आणि रुग्ण दाखविण्याचे काम, ज्याला तेथे 'प्रिसेप्टर' म्हणत, त्या मार्गदर्शक डॉक्टरने करावे, अशी ही विभागणी होती.

या पद्धतीत काही निःसंशय गुण होते. विद्यार्थ्याला रुग्णाचे घर, त्याची गरिबी, कुटुंबाची भीती आणि औषधाचा निरुपाय हे सर्व प्रवेशापूर्वीच दिसत असे. ज्याला हे सोसत नसे तो आपोआप बाजूला होई. परंतु तिचे दोषही तितकेच ठळक होते. मार्गदर्शक चांगला असेल तर शिक्षण चांगले, नाहीतर तीन वर्षे घरगुती कामांतच जात. त्याला फी द्यावी लागत असल्याने गरिबांना हा मार्ग खडतर होता. तीन वर्षांच्या प्रमाणपत्राची कसून तपासणीही होत नसे. विद्यार्थ्यांच्या फीवर चालणाऱ्या महाविद्यालयांना विद्यार्थी हवे असत, त्यामुळे प्रमाणपत्र हळूहळू उपचारापुरते उरले. ज्या अनुभवाची हमी म्हणून ते मागितले जात होते, त्या अनुभवाशी त्याचा संबंध सैल होत गेला.

४. अनुभव असूनही नकार : हार्वर्ड, १८५०

पूर्वानुभव हा जर प्रवेशाचा खरा निकष असता, तर ज्यांच्याजवळ तो सर्वांत अधिक होता त्यांना दारे उघडी व्हावयास हवी होती. १८५० मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात जे घडले ते याच्या नेमके उलट होते.

मार्टिन डिलेनी हे कृष्णवर्णीय लेखक व संपादक होते. पिट्सबर्ग येथे डॉ. अँड्रयू मॅक्डॉवेल यांच्याकडे त्यांनी १८३३ पासून उमेदवारी केली होती. जळवा लावणे, तुंबडी लावून रक्त काढणे अशी कामे ते स्वतंत्रपणे करीत. अनेक डॉक्टरांची शिफारसपत्रे घेऊन ते हार्वर्डला आले तेव्हा त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते. त्यांच्यासोबत डॅनियल लेंग व आयझॅक स्नोडेन या आणखी दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला. त्याच सुमारास हॅरियट हंट यांनाही व्याख्यानांना बसण्याची परवानगी देण्यात आली. हंट या १८३५ पासून बोस्टनमध्ये स्त्रिया व मुले यांच्यावर उपचार करीत होत्या. त्यांच्या गाठी पंधरा वर्षांचा व्यवसाय होता आणि १८४७ मध्येही त्यांनी हार्वर्डकडे विनंती करून नकार पचविला होता.

श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी सभा घेऊन या प्रवेशांचा निषेध केला. काही विद्यार्थ्यांनी विरोधी निवेदनही दिले. परंतु प्राध्यापकवर्गाने अखेर माघार घेतली. हंट यांनी दबावामुळे अर्ज मागे घेतला. तिघा कृष्णवर्णीयांना चालू सत्र पुरे करू देण्यात आले, पुढे मात्र येऊ नये असे सांगण्यात आले. त्या वेळी अधिष्ठातेपदी असलेले ऑलिव्हर वेंडेल होम्स हे नामवंत लेखक व उदार विचारांचे गृहस्थ होते, तरी निर्णय टिकू शकला नाही. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळण्यास १९४५ साल उजाडावे लागले.

हे प्रकरण केवळ वर्णद्वेषाचे वा लिंगभेदाचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात त्यातून आणखी एक गोष्ट दिसते. पूर्वानुभवाची अट सर्वांसाठी समान असल्याचे भासत होते; प्रत्यक्षात ती केवळ विशिष्ट समूहातील तरुणांच्या बाबतीत पात्रता ठरत होती. इतरांनी ती पूर्ण केली तरी तिला मोल नव्हते.

५. रुग्णालयाचा शोध : ब्लॅकवेल, फिलाडेल्फिया आणि आनंदीबाई जोशी

एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी प्रवेशापूर्वी कॅरोलायना प्रांतात शिक्षिकेची नोकरी करीत असताना डॉक्टरांच्या घरी राहून वैद्यकीय ग्रंथांचे वाचन केले. अनेक महाविद्यालयांनी नकार दिल्यानंतर १८४७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील जिनीव्हा महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला. दोन सत्रांच्या मधल्या काळात, १८४८ च्या उन्हाळ्यात, त्यांनी फिलाडेल्फियाच्या ब्लॉकली अनाथालयातील रुग्णालयात काम केले. तेथील तरुण निवासी डॉक्टरांनी त्यांना सहकार्य केले नाही. परंतु आयर्लंडहून आलेल्या स्थलांतरितांमधील टायफस ज्वराचे जे रुग्ण त्यांनी तेथे पाहिले, त्यांच्यावरच त्यांचा पदवीचा प्रबंध आधारलेला होता. १८४९ मध्ये त्या पदवीधर झाल्या.

पदवी मिळाली तरी रुग्णालये स्त्रियांना उघडी नव्हती. त्यामुळे १८५७ मध्ये ब्लॅकवेल यांनी न्यूयॉर्कमध्ये गरीब स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय स्थापन केले. तेथे रुग्णांना उपचार मिळत आणि तरुण स्त्री-डॉक्टरांना अनुभव मिळे. फिलाडेल्फियातही हेच घडले. १८५० मध्ये तेथे स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, परंतु १८५८ मध्ये स्थानिक वैद्यकीय संघटनेने आपल्या सदस्यांना त्याच्याशी व्यावसायिक संबंध ठेवण्यास मनाई केली. तेव्हा डॉ. अ‍ॅन प्रेस्टन यांच्या पुढाकाराने १८६१ मध्ये स्त्रियांचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. पुढे १८६९ च्या नोव्हेंबरात या महाविद्यालयाच्या विद्यार्थिनींना शहरातील पेन्सिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील रुग्णदर्शक व्याख्यानांना बसण्याची परवानगी मिळाली. पहिल्याच दिवशी शेकडो विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून, कागदाचे गोळे फेकून त्यांचा उपमर्द केला. विद्यार्थिनी जागच्या हलल्या नाहीत.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये या महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले बाळ दहा दिवसांतच दगावल्याचे दुःख त्यांच्या निर्धारामागे होते, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. त्यांचे धैर्य व गोपाळरावांचा हट्ट यांच्याविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. ज्या संस्थेने त्यांना स्वीकारले तिने रुग्णालयासाठी केलेला दोन दशकांहून अधिक काळचा झगडा मात्र तुलनेने अपरिचित राहिला. रुग्णाजवळ जाण्याची वाट तेथील स्त्रियांनी आधीच घडविली होती, म्हणूनच हिंदुस्थानातून आलेल्या तरुणीला ती उपलब्ध झाली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाले.

६. अनुभवाचे महाविद्यालयात स्थलांतर

उमेदवारीच्या पद्धतीला उतरती कळा लागली ती प्रयोगशाळेच्या उदयामुळे. जंतुशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, विकृतिशास्त्र ही शास्त्रे खाजगी डॉक्टरच्या दवाखान्यात शिकविणे शक्य नव्हते. हार्वर्डने १८७१ मध्ये तीन वर्षांचा क्रमबद्ध अभ्यासक्रम सुरू केला. १८९३ मध्ये बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रवेशासाठी तेथे पदवी, विज्ञानविषयांची तयारी आणि फ्रेंच व जर्मन भाषांचे ज्ञान आवश्यक ठरविण्यात आले. मेरी गॅरेट यांनी देणगी देताना घातलेल्या अटीमुळे तेथे स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश मिळाला, हेही नमूद करावयास हवे.

याच संस्थेत डॉ. विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना रुग्णालयाच्या कामाचे भागीदार केले. वरच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याकडे ठरावीक रुग्ण सोपविले जात. त्यांचा इतिहास लिहून घेणे, तपासणी करणे आणि शिक्षकांसमोर मांडणी करणे ही त्याची जबाबदारी असे. उमेदवारीतील सर्वांत मोलाचा भाग अशा रीतीने महाविद्यालयाच्या आत आला आणि त्यावर शिक्षकांची देखरेख आली.

अब्राहम फ्लेक्सनर यांच्या १९१० च्या अहवालाने या बदलावर शिक्कामोर्तब केले. अमेरिका व कॅनडा येथील १५५ महाविद्यालयांची पाहणी करून त्यांनी अनेकांची दुरवस्था उघड केली. किमान दोन वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण आणि भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांची तयारी हा प्रवेशाचा पाया असावा, असे त्यांनी सुचविले. निकृष्ट महाविद्यालये बंद पडू लागली व शिक्षणाचा दर्जा उंचावला. त्याचबरोबर कृष्णवर्णीयांसाठीच्या सात महाविद्यालयांपैकी हॉवर्ड व मेहॅरी ही दोनच दीर्घकाळ टिकली. गरीब विद्यार्थ्यांचा मार्गही अरुंद झाला. १९२८ मध्ये वैद्यकीय प्रवेशासाठी अभियोग्यता चाचणी सुरू झाली. यापुढे काही दशके विज्ञानविषयांतील गुण आणि चाचणी हेच मुख्य निकष राहिले.

७. पूर्वानुभवाचे पुनरागमन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिस्थिती पुन्हा पालटली. जागांच्या मानाने अर्जदार फार आणि त्यांच्यात उत्तम गुण असलेले पुष्कळ, त्यामुळे केवळ गुणांवरून निवड करणे अवघड झाले. निष्णात परंतु रुग्णाशी नीट बोलू न शकणारे डॉक्टर निर्माण होतात, ही टीकाही वाढली. आपण कोणत्या व्यवसायात पाऊल टाकीत आहोत, याची जाणीव अर्जदाराला आहे काय, हे पाहण्याची गरज निवड समित्यांना वाटू लागली. यातूनच रुग्णसेवेचा अनुभव अर्जाचा अपेक्षित भाग बनला.

या अनुभवाचे आज अनेक प्रकार आहेत. डॉक्टरांच्या मागे राहून केवळ निरीक्षण करणे, म्हणजे 'शॅडोइंग', हा सर्वांत परिचित प्रकार होय. रुग्णालयात किंवा मरणासन्न रुग्णांच्या सेवाकेंद्रात स्वयंसेवा, रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाचे काम, परिचारिकेच्या मदतनिसाची नोकरी हे इतर प्रकार. २००९ च्या कायद्याने संगणकीय रुग्णनोंदींना चालना मिळाल्यानंतर डॉक्टरांच्या वतीने नोंदी लिहिणाऱ्या लेखनिकांचे काम वाढले आणि तेही अर्जदारांना उपयोगी पडू लागले. तासांची एकच संख्या सर्व महाविद्यालयांना बंधनकारक नाही. त्यामुळेच 'पुरेसे' म्हणजे किती, हा प्रश्न विद्यार्थ्यांना छळतो आणि अनेकजण तास गोळा करण्याच्या मागे लागतात.

येथे उमेदवारीच्या काळातील जुने दोष नव्या वेषात समोर येतात. आई किंवा वडील डॉक्टर असतील तर निरीक्षणाची परवानगी एका दूरध्वनीवर मिळते. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेले कोणी नाही, त्याला कोणाकडे विचारावे हेही ठाऊक नसते. उपजीविकेसाठी उपाहारगृहात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला विनावेतन स्वयंसेवेची चैन परवडत नाही. रुग्णांच्या माहितीची गोपनीयता जपणाऱ्या १९९६ च्या कायद्यानंतर रुग्णालये अनोळखी निरीक्षकांबाबत अधिक सावध झाली. ते योग्यच आहे, पण ओळखीचे महत्त्व त्यामुळे वाढले.

दुसरा धोका रुग्णाला आहे. स्वदेशात मिळत नाही असा अनुभव मिळविण्यासाठी काही विद्यार्थी गरीब देशांत जाऊ लागले आणि तेथे आपल्या पात्रतेबाहेरच्या क्रिया करू लागले. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०११ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. परदेशातील रुग्णावर जे करावयाचे ते स्वदेशातील नियमांनुसार आपणास करता आले असते काय, हा विचार त्यामागे आहे. अर्जदाराचा अनुभव वाढावा म्हणून रुग्णाने धोका पत्करावा, हे कोणत्याही नीतिशास्त्रात बसत नाही.

२०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे रुग्णालयांची दारे स्वयंसेवकांना बंद झाली. तेव्हा अनेक महाविद्यालयांना आपल्या अपेक्षा शिथिल कराव्या लागल्या. तासांची गणना ही अपरिहार्य अट नाही, याची त्यामुळे अनपेक्षितपणे प्रचीती आली.

८. महाराष्ट्रातील वेगळा मार्ग

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचा प्रारंभ १८४५ मध्ये झाला तेव्हाच त्याला जमशेटजी जीजीभाई रुग्णालय जोडलेले होते. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड हे रुग्णाजवळील अध्यापनाविषयी आग्रही होते. विद्यार्थ्याने अनुभव घेऊन यावे, अशी अपेक्षा येथे नव्हती. तो देण्याची जबाबदारी संस्थेने स्वीकारली होती. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग हे पुढे समाजसुधारणेत अग्रेसर ठरलेले पदवीधर होते. ऑस्लर यांच्या बाल्टिमोरमधील प्रयोगापूर्वी चार दशकांहून अधिक काळ आधी मुंबईत महाविद्यालय व रुग्णालय यांची ही जोडणी झाली होती, ही लक्षणीय बाब आहे.

रुग्णालयात प्रवेश कोणाला, हा प्रश्न येथेही सुटला नव्हता. एडिंबरोत वैद्यकीय शिक्षणासाठी झगडणाऱ्या स्त्रियांपैकी एडिथ पीची या १८८३ मध्ये मुंबईस आल्या व पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. १९२६ मध्ये सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले, तेव्हा अध्यापकपदे भारतीयांनाच मिळावीत हा देणगीदारांचा आग्रह होता. विद्यार्थ्यांइतकाच शिक्षकांच्याही बाबतीत रुग्णालयाचा अधिकार हा सत्तेचा प्रश्न होता.

आज भारतात 'नीट' ही ७२० गुणांची परीक्षा प्रवेश ठरविते. तीत पूर्वानुभवाला स्थान नाही. याचा एक लाभ असा की, ओळखीपाळखीवर काहीही अवलंबून राहत नाही. मात्र खाजगी शिकवणीचा खर्च ही वेगळी विषमता निर्माण झाली आहे. शिवाय सतरा-अठरा वर्षांचा विद्यार्थी रुग्णाचे दुःख जवळून न पाहताच आयुष्याचा निर्णय घेतो. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी २०१९ पासून अभ्यासक्रमात बदल झाले. आरंभी पायाभूत वर्ग, पहिल्याच वर्षापासून रुग्णांशी परिचय आणि त्यानंतर ग्रामीण कुटुंबे दत्तक घेण्याचा उपक्रम यांचा त्यात समावेश झाला. अनुभव लवकर मिळावा, पण तो संस्थेच्या देखरेखीखाली मिळावा, ही १८४५ ची दिशाच येथे पुढे नेलेली दिसते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला : प्रवेशापूर्वीच्या अनुभवाची अट जेव्हा केवळ काळाच्या मापाने मोजली गेली, तेव्हा तिचे रूपांतर उपचारात झाले. एकोणिसाव्या शतकातील तीन वर्षांच्या प्रमाणपत्राचे जे झाले तेच आजच्या तासांच्या नोंदींचेही होऊ शकते. तास किती, यापेक्षा त्या तासांत विद्यार्थ्याने काय पाहिले आणि त्याला काय उमगले, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल.

दुसरा : ज्या वर्गाच्या हाती रुग्णापर्यंतची वाट होती त्याने डॉक्टर कोणी व्हावे हेही ठरविले. डिलेनी व हंट यांना अनुभव असून वगळण्यात आले. अनुभवाची वाटच बंद असल्याने ब्लॅकवेल व प्रेस्टन यांना स्वतःची रुग्णालये उभारावी लागली. म्हणून पूर्वानुभव मागणाऱ्या संस्थेवर तो मिळविण्याची संधी निर्माण करण्याचे नैतिक दायित्वही येते.

तिसरा : भारतीय पद्धतीने हे दायित्व स्वीकारले असले, तरी प्रवेशपूर्व जाणिवेची पोकळी शिल्लक आहे. ती भरण्यासाठी प्रवेशाला गुण जोडण्याची गरज नाही. कनिष्ठ महाविद्यालयातील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राचे कामकाज शिक्षकांसमवेत दाखविणे, रुग्णाच्या खाजगीपणाचा मान राखून निरीक्षणाची संधी देणे, असे साधे उपक्रम महाविद्यालयांना हाती घेता येतील. त्यातून काही विद्यार्थी वैद्यकीय मार्ग सोडून देतील, काहींचा निर्धार दृढ होईल. दोन्ही परिणाम विद्यार्थी आणि भावी रुग्ण यांच्या हिताचेच आहेत.